सहाचा का सातचा?

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. मी कुणाच्या पाया पडायला आलेलो नाही.

हे माझ्यासमोर घडलंय. कुणाच्या मामाच्या मित्राला दिसलं वगैरे नाही. मी स्वतः तिथं चिखलात उभा होतो. आणि घाबरण्याआधी मी चिडलेलो होतो. अजूनही चिडलेलोच आहे.

आणि हो, रात्र नव्हती. अमावस्या पण नव्हती. भर दुपार होती. २००५ सालचा आषाढ, बुधवार, पोखरीचा घाट. घोडेगावावरून डिंभे, डिंभ्यावरून वर तळेघर आणि पुढं भीमाशंकर. हा रस्ता ज्यानं पावसाळ्यात बघितलाय त्याला मी काय सांगणार! तिथं दुपारी तीनला सुद्धा दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं आषाढातला हा घाट बघितलेला नाही.

मी प्रितम. घोडेगावात एसटी स्टँडजवळ आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी म्हणजे खेमचंदशेठनी दुकान टाकलं, आता मी बसतो. माझ्या तोंडाला लगाम नाही असं आख्खा तालुका म्हणतो. म्हणू दे. गिऱ्हाईक चुकीची वस्तू मागायला लागलं की माझं डोकं फिरतं. माझी बायको चेतना म्हणते, "अहो, तुम्ही दुकान चालवता की भांडण?"

पण पुढचं कळायचं असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. लई अवघड नाही.

ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा दिसतो बघा. त्याच्या आत दोन दातेरी चाकं असतात. मोठं ते क्राऊन, त्याला एकेचाळीस दात. छोटं ते पिनियन, त्याला सहा दात किंवा सात दात. इंजिन पिनियनला फिरवतं, पिनियन क्राऊनला, आणि क्राऊन चाकांना.

सातचा टाकला की गाडी सपाटीला पळते. डिझेल कमी खाते.

सहाचा टाकला की गाडी हळू चालते, पण ओढते. मागं ट्रेलर लावा, वर बोजा टाका, घाटात घाला, मुंगीसारखी चढत राहते.

एका दाताचा फरक. बस्स. त्या एका दातापायी माझा मित्र गेला.

त्याचं नाव कुशाबा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी गल्ल्यावर बसलो आणि तो ट्रकवर. निमगाव सावाच्या सावळारामचा ट्रक चालवायचा. सावळाराम म्हणजे जुनी बागाईत, मोठं नाव, लग्नात पहिला फेटा याला. नारायणगावचे टोमॅटो मुंबईला न्यायचा, म्हणून गाडीला सातचा पिनियन. तिथवर बरोबर होतं.

मग ९६ साली सावळारामनं रस्त्याचं काम घेतलं. तळेघरला रोड रोलर पोचवायचा होता, ट्रेलरवर घालून. त्याच ट्रकनं.

मी बोललो, "भाऊ, सातच्यावर ट्रेलर चढणार नाही. सहाचा सेट टाका."

तर म्हणतो कसा, "पाच गेर हायेत की गाडीला! पैल्या गेरवर टाकायची अन् चढवायची. तुमाला आपला माल खपवायचा असतो, शेठ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे बाबा, पहिला गिअर काय जादू आहे का? चालत्या गाडीला कसंबसं ओढेल तो. पण वळणावर एकदा थांबलास की त्या चढाला सातच्यावर गाडी पुन्हा हलत नाही. क्लच जळतो, इंजिन मरतं आणि ट्रेलर तुला मागं ओढतो. तासभर घसा फोडला तेव्हा कुठं सेट घेऊन गेला.

दोन दिवसांनी कुशाबा दुकानात चहा पीत बसला होता. सावळाराम आला. कुशाबानं माझ्यासमोर विचारलं, "मालक, सहाचा का सातचा?"

"सहाचा," सावळाराम म्हणाला. "टाकून घेतलाय. जा बिनघोर."

दुसऱ्या दिवशी कुशाबा गेला तो गेलाच. पोखरी घाटात एक अंगावर येणारं वळण आहे, आमच्याकडं त्याला उभं वळण म्हणतात. तिथं गाडी बंद पडली. आधी ट्रेलर दरीत गेला आणि मग त्यानं ट्रक ओढून नेला.

दहावं झाल्यावर सावळारामनं तो सेट परत आणून गल्ल्यावर ठेवला. खोक्याची पट्टी सुद्धा फाडलेली नव्हती.

"लागला न्हाई," म्हणाला.

मी भर बाजारात त्याची अब्रू काढली. पोलिसात जाऊन सांगितलं. कुणी ऐकलं? नाही! कागदावर आलं, चालक दारूच्या नशेत होता. कुशाबा चहाशिवाय कशाला शिवत नव्हता हो! पण सावळारामसमोर सगळा तालुका मूग गिळून बसला. वर आणि सावळारामनं कुशाबाच्या बायकोला, झुंबरबाईला, घरी कामाला ठेवलं. पोराची फी भरली. लोक म्हणाले, बघा, देवमाणूस!

पोराचं नाव कुंडलिक. तेव्हा बारा वर्षांचा होता.

आता या आषाढाचं सांगतो.

तळेघरच्या भाताच्या गिरणीचा पट्टा आणि पुली पोचवून मी मोटारसायकलवर परत येत होतो. आम्ही जैन, आमचा चातुर्मास लागलेला. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून घाई होती. पाऊस बारीक होता, धुकं मात्र असं की गाडीचा दिवा लावूनही उपयोग नाही. उभ्या वळणाच्या जरा वर आलो.

आणि खालून आवाज आला…

भरलेला ट्रक. पहिल्या गिअरवर. क्राऊन घुमत होता, ऊंऊंऊं… जुना झालेला क्राऊन असाच घुमतो. मला ते ओळखायला बघावं लागत नाही.

घाटात एक रीत आहे. उतरणाऱ्यानं थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण बोजा घेऊन चढणारा एकदा थांबला की त्याची धडगत नाही. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि उभा राहिलो.

आवाज जवळ आला.

अजून जवळ.

जळक्या क्लच प्लेटचा वास आला. नाक झोंबलं.

मग आवाज माझ्यासमोर आला… अगदी समोर, हात लावीन इतका… आणि पुढं निघून गेला.

ट्रक नव्हता.

चाक नाही, दिवा नाही. माझ्या पुढ्यात रस्त्यावर पाण्याचं डबकं होतं. त्यातलं पाणी हललं सुद्धा नाही.

आवाज वर वर गेला आणि थांबला. त्याच्याबरोबर सगळंच थांबलं. आषाढात त्या घाटात शंभर ठिकाणी पाणी कोसळत असतं. माझ्या शेजारच्या कड्यावरून पडणारं पाणी दिसत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता…

आमच्याकडं म्हणतात, असलं काही समोर आलं तर शिव्या द्याव्यात. ते शिव्यांना भितं. मी दिल्या. सगळ्या दिल्या. आई-बाप, सात पिढ्या, काही शिल्लक ठेवलं नाही. जैनाच्या तोंडाला शोभणार नाहीत अशा दिल्या.

हळूहळू पाण्याचा आवाज परत सुरू झाला.

मी किक मारणार, तेवढ्यात खालून पुन्हा ट्रक.

या वेळी दिवे दिसले. पिवळे, अंधुक. खराखुरा ट्रक होता, मागं ट्रेलर आणि ट्रेलरवर खडी फोडायचं मशीन. आवाज ऐकला आणि मी किकवरचा पाय काढला. इंजिन धापा टाकत होतं. सातचा होता हो! ट्रेलर, त्यावर एवढं धूड, आणि खाली सातचा!

ट्रक उभ्या वळणावर आला. वळण मिळावं म्हणून ड्रायव्हरनं गाडी उजवीकडं डोंगराला घासून घेतली. मग गचका बसला.

घर्रर्र… आणि बंद.

स्टार्टर मारला. एकदा, दोनदा. इंजिन घेईना.

मी पळत खाली गेलो. काचेत बघतो तर कुंडलिक! कुशाबाचा पोरगा! नुकतं मिसरूड फुटलेला, एकवीस वर्षांचा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सगळं अंग ब्रेकवर टाकून बसला होता. आणि शेजारी सावळाराम. क्लीनर नाही, कुणी नाही. क्लीनरचा खर्च नको म्हणून स्वतः बसलेला.

"शेठ, हवा उतरतीय!" कुंडलिक आतून ओरडला.

ट्रकचा ब्रेक हवेवर असतो. इंजिन बंद पडलं की हवा भरत नाही, आणि गळत असेल तर काटा खाली खाली येतो. काटा संपला की ब्रेक संपला. ट्रेलरला तर ब्रेकच नव्हता.

"उडी मार!" मी ओरडलो.

"दार उघडत न्हाई!"

त्याच्या बाजूचं दार डोंगराला टेकलेलं. दुसऱ्या दारानं यायचं तर ब्रेकवरचा पाय काढावा लागणार. पाय काढला की गाडी मागं, आणि मागं डाव्या अंगाला दरी. बापाची तीच दरी.

सावळाराम मात्र आधीच खाली उतरला होता. बरं का! हा पहिला उतरला.

"दगड बघा, दगड!" तो म्हणाला. चाकामागं दगड लावला की गाडी थांबते, हे घाटातलं शेंबडं पोर पण सांगेल. त्या वळणावर तर दगडांचा खच असतो. लोक दगड लावतात, गाडी निघाली की तसेच रस्त्यात टाकून चालू पडतात. दर वेळी जाताना मी त्यांच्या नावानं खडे फोडतो.

त्या दिवशी तिथं मुठीएवढा दगड नव्हता…

एकही नाही. रस्ता झाडून ठेवल्यासारखा. मी वेड्यासारखा हात फिरवत होतो चिखलात. डोंगरातला एक खडक उपटायला गेलो तर नख उलटलं.

मी सावळारामजवळ गेलो, दात आवळून विचारलं, "सातचा आहे ना? खरं सांग."

"हळू बोला की," तो म्हणाला. "सातचाच हाय. मंग काय झालं? एक खेप तर व्हती."

एक खेप! नऊ वर्षांत हा माणूस तसूभर सुधारला नव्हता. त्याला तिथंच उचलून दरीत टाकावा असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू!

आणि तेवढ्यात…

खट्.

मागच्या डाव्या चाकाजवळ. दगडावर चाक टेकल्याचा आवाज.

खट्. उजव्या चाकाजवळ.

इंचाइंचानं सरकणारी गाडी जागेवर थांबली. मला वाटलं, सावळारामनं लावला. पण सावळाराम माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या दोन्ही हातात काही नव्हतं.

ट्रेलरच्या मागं धुक्यात कुणीतरी खाकरलं.

मग आवाज आला. अगदी साधा. टपरीवर चहा पिताना विचारावं तसा.

"मालक… सहाचा का सातचा?"

तो आवाज मी शाळेपासून ऐकलाय. गणितात नापास झालो तेव्हा मला हसणारा आवाज तो. आणि मला आठवलं की थोड्या वेळापूर्वी मी कुणाला शिव्या घातल्या होत्या.

सावळाराम पांढराफटक पडला. त्यानं केबिनकडं बघितलं. काच खाली होती. कुंडलिकला सगळं ऐकू जात होतं. नऊ वर्षं या पोराला सांगितलं होतं, तुझा बाप पिऊन मेला.

सावळाराम मोठ्यांदा म्हणाला, "सहाचा!"

खर्रर्र…

डाव्या चाकाखालचा दगड कुणीतरी ओढून काढला. आम्ही बघत होतो. तिथं कुणी नव्हतं. गाडी वीतभर मागं आली.

"मालक, हवा संपली!" कुंडलिक रडायला आला होता.

"मालक… सहाचा का सातचा?"

तोच सूर. राग नाही, घाई नाही.

"सहाचाच हाय! सांगितलं ना एकदा, सहाचा!"

खर्रर्र…

उजवा दगड निघाला. मशीनसकट ट्रेलर कण्हला आणि दरीकडं वळायला लागला.

मी सावळारामची गचांडी धरली. वयाचा मान गेला चुलीत. "बोल की नालायका! खरं बोल! पोरगं जातंय!" त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. तो डोळ्यातून पाणी काढत होता, पण तोंड उघडत नव्हता. केबिनकडं बघत होता नुसता. पोरगं मेलं तरी चालेल, पण पोराला कळायला नको!

शेवटी मीच बोंबललो, "सातचा आहे रे कुशाबा! सातचा! हा खोटं बोलतोय!"

काही झालं नाही. गाडी सरकतच होती. मला कुणी विचारलंच नव्हतं.

"मालक…"

आणि केबिनमधून कुंडलिक बोलला. ओरडला नाही. घरात बापाशी बोलावं तसा बोलला.

"आबा, सातचा हाय."

पाण्याचा आवाज बंद झाला. पुन्हा तसाच, एकदम…

"मला म्हाईत व्हतं, आबा. चालवताना कळतं की. पैल्या दिवसापासून म्हाईत व्हतं."

गाडी थांबली होती. चाकाखाली काही नसताना त्या चढावर नुसती उभी होती.

मग आवाज आला, पण आता ट्रेलरच्या मागून नाही. केबिनच्या खिडकीशी. आणि पहिल्यांदाच तो आवाज हलला.

"मंग तू कशाला बसला रं?"

कुंडलिकनं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

खट्. खट्. खट्. खट्…

ट्रकच्या चाकांना, ट्रेलरच्या चाकांना, एकामागं एक. मोजवत नव्हतं. मग ते थांबलं आणि डोंगरातलं पाणी पुन्हा वाजायला लागलं.

मी कुंडलिकला दुसऱ्या दारानं ओढून बाहेर काढलं. त्याला माझ्या मोटारसायकलजवळ बसवला आणि मागं जाऊन बघितलं. प्रत्येक चाकामागं दगड रचले होते. नीट, एकावर एक, कुणीतरी निवांत बसून रचावेत तसे.

मी एकाला हात लावला.

दगड कोरडा होता. दहा दिवस पाऊस थांबलेला नव्हता, मी स्वतः चिंब होतो, आणि तो दगड उन्हात ठेवल्यासारखा कोरडा, गरम होता.

संध्याकाळी तळेघरहून मोठं लोडर आलं आणि त्यानं ट्रक, ट्रेलर सगळं ओढून वर नेलं. लोडरवाला म्हणाला, "कुनी रचलं वो हे? लई भारी काम केलंय राव." त्या दिवशी मी जेवलो नाही. सूर्य कधीच मावळला होता आणि भूक पण.

आता तुम्ही म्हणाल, सावळाराम सुधारला असेल. पाया पडला असेल. छ्या!

तिसऱ्या दिवशी हा घोडेगावच्या बाजारात कडक इस्त्रीचे कपडे घालून फिरत होता. लोकांना सांगत होता, वनखात्याची माणसं होती, त्यांनी दगड लावले, धुक्यात दिसली नाहीत. आणि प्रितमशेठनं मला मारलं, पण मी मोठ्या मनानं सोडून दिलं.

मी त्याला स्टँडवर गाठला. सगळ्यांदेखत म्हणालो, "चल माझ्याबरोबर घाटात. एकदा. तिथं उभा राहा आणि एकदा खरं बोल. एवढंच मागतोय तो."

"कुनाफुडं बोलू?" सावळाराम म्हणाला. "धुक्याफुडं?"

लोक हसले. मी त्यांना पण शिव्या दिल्या.

मग मी झुंबरबाईकडं गेलो. म्हटलं, आईला सांगावं, पोराला त्या गाडीवरून उतरव. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. आवाज सांगितला, दगड सांगितले. ती ऐकत होती, हात थांबला नव्हता. शेवटी मी सांगितलं की त्यानं पोराला काय विचारलं, मंग तू कशाला बसला रं.

तेव्हा तिचा हात थांबला.

"त्यो इचारतोय व्हय?" ती म्हणाली. "मंग त्यो तरी कशाला बसला व्हता?"

मला कळेना.

"त्यालाबी म्हाईत व्हतं, शेठ. आदल्या राती गाडीखाली शिरून बघून आला व्हता. मला म्हनला, मालकानं सातचाच ठेवलाय. मी म्हनलं, मंग नगं जाऊ. तर म्हनला, मालकानं चारचौघांत तोंडानं सांगितलंय सहाचा हाय. आता मी न्हाई कसं म्हनू? मालक खोटं बोलतो असं व्हतंय त्ये."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

म्हणजे तो विचारत नव्हता. त्याला सगळं माहीत होतं. नऊ वर्षं तो धुक्यात उभा राहून त्या एका माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायची वाट बघतोय. आणि त्या माणसाला तो शब्द जड झालाय.

मला राग कुणाचा यावा? सावळारामचा येतो, तो येणारच. पण आता कुशाबाचा पण येतो. लई येतो. अरे, मालकाला खोटं पाडायला लाजलास, आणि बायको-पोराला असं सोडून गेलास?

हे सगळं मी आत्ता का लिहितोय ते सांगतो.

परवा कुंडलिक दुकानात आला. फॅनबेल्ट घ्यायला. बाहेर बघितलं तर तोच ट्रक उभा, मागं ट्रेलर, वर डांबराची पिंपं. तळेघरचं काम अजून चालू आहे. धुकं पण तसंच आहे.

मी फॅनबेल्ट हातात धरून ठेवला, दिला नाही. विचारलं, "कुंडलिक, आता कुठला टाकलाय?"

"सहाचा हाय, शेठ," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलंय."

असं म्हणताना तो माझ्याकडं बघत नव्हता.